बाबांसाठी एक क्लच

प्रीतमने गाडीचा गिअरबॉक्स बदलायचं ठरवलं ते एका मंगळवारी संध्याकाळी, भेंडी चिरता चिरता. (चिरत होती विनिता. प्रीतम ओट्याला टेकून ठरवत होता.)

"गाडीचं काहीतरी करायला हवं," तो म्हणाला.

"काय करायला हवं?"

"आहे माझ्या मनात."

विनिताने सुरी खाली ठेवली. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या मनात काही आलं की घरातून काहीतरी जातं हे तिला अनुभवाने ठाऊक झालं होतं. मागच्या खेपेला फ्रिज गेला होता. माठातलं पाणी आणि रोजची ताजी भाजी, अशी ती चळवळ होती. चार महिने चालली. मग मे महिन्यात, नासलेल्या दुधाचं तिसरं पातेलं घासता घासता, सासूबाईंनी ती मोडून काढली.

"अगं, सर्व्हिसिंगला टाकतोय, एवढंच," प्रीतम म्हणाला आणि एक भेंडी कच्चीच खात बाहेर गेला. खरं सांगायचं तर त्याला खोटं बोलता येत नसे. पण हे खोटं नव्हतं, हे सरप्राइज होतं.

प्रीतम ठाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पर्यावरण शिकवायचा. पोरांना तो आवडायचा, कारण तो पुस्तकातलं सोडून बाकी सगळं शिकवायचा. जगात जे चुकीचं आहे ते सगळ्यांना दिसतंय, तरी लोक उठून ते बदलत का नाहीत, हे त्याला कळत नसे. त्याचं स्वतःचं उठणं मात्र इतकं झटपट असे की काय बदलायचंय ते नीट बघायचं पुष्कळदा राहून जाई.

अशा माणसाच्या घरी गाडी आली कशी? तर दोन वर्षांपूर्वी भर दुपारी आईला चक्कर आली आणि डोंबिवलीच्या निवासी विभागातून हॉस्पिटलला यायला एक रिक्षा तयार होईना. त्या अर्ध्या तासात प्रीतमचं एक तत्त्व वितळलं. माजिवड्याचे एक डॉक्टर मुलाकडे परदेशी निघाले होते, त्यांची चौदा वर्षांची चंदेरी गाडी त्याने घेतली. गाडी ऑटोमॅटिक होती. डावा पाय मांडी घालून ठेवला तरी चालेल, अशी. प्रीतम गाडी शिकला तो हिच्यावरच. लायसन्सपुरता तो ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा क्लच चार आठवडे दाबून आला होता, पण त्या आठवणी दोन्ही बाजूंनी कडू होत्या.

गाडी घेतली, पण घरात नियम केला: गाडी ही गरज आहे, चैन नाही. आजारपण, जड सामान आणि जवळच्या माणसाचं लग्न, एवढ्यासाठीच ती निघेल. ('जवळचं' म्हणजे कुठपर्यंत, यावर आईच्या मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नात बरंच झालं. शेवटी आई रिक्षाने गेली आणि आठ दिवस त्याच्याशी फक्त कुकरच्या शिट्ट्यांतून बोलली.) बाकी आठवडाभर गाडी बिल्डिंगखाली कव्हर घालून उभी. प्रीतम आणि विनिता सकाळी कामाला जात, संध्याकाळी येत. कव्हर असे तसंच असे.

तरीही दोन गोष्टी त्याला खात होत्या.

पहिली, पेट्रोल. रविवारी भरावं आणि पुढच्या रविवारी काटा खाली. उभी गाडी इतकं पितेच कशी? त्याने वाचन केलं. ऑटोमॅटिक गाड्या जास्त पेट्रोल खातात, असं एके ठिकाणी लिहिलेलं होतं. उभ्या उभ्या खातात असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, पण एवढ्या खोलात तो गेला नाही.

दुसरी गोष्ट, बाबांचा डावा पाय.

बाबा म्हणजे त्र्यंबकराव. मूळ गाव ओतूरकडचं, नोकरी एसटीत, कल्याण डेपो. चौतीस वर्षं माळशेजवरून गाडी नेली-आणली. घाटात दरड आली, धुकं आलं, एकदा बिबट्यासुद्धा आला, पण बाबांच्या गाडीतल्या म्हातारीच्या मांडीवरचा अंड्यांचा डबा कधी हलला नाही, असं डेपोत बोललं जाई. रिटायर झाले आणि गप्प झाले. तसे आधीही गप्पच होते, पण आधी ते ड्युटीवर गप्प होते, आता घरात गप्प बसू लागले. प्रीतमने काहीही सांगितलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "तुला पटतंय ना? मग कर."

परवाच कल्याणहून एक 'जवळचा' साखरपुडा आटपून येताना प्रीतमला ते दिसलं. बाबा शेजारच्या सीटवर बसले होते. नजर समोर. आणि त्यांचा डावा पाय हळूच पुढे सरकत होता, तळवा खालच्या मॅटवर दाबला जात होता, थोडं थांबत होता, सुटत होता. पुन्हा सरकत होता. पुन्हा दाबला जात होता.

प्रीतमने पुन्हा एकदा खाली बघितलं. बाबा क्लच शोधत होते!

आपण काय केलंय हे त्याला त्या क्षणी लख्ख दिसलं. ज्या माणसाने आयुष्यभर दोन हात, दोन पाय आणि दोन डोळ्यांनी एक यंत्र हाताळलं, त्याच्या दारात आपण एक असं यंत्र आणून उभं केलं की ज्याला त्याची गरजच नाही. माणसाचं कसब काढून घ्यायचं आणि त्याला सोय म्हणायचं, हाच तर या काळाचा आजार, असं तो एफवायच्या वर्गात नेहमी म्हणायचा. आणि तोच आजार आपल्या घरात, आपल्या कर्जाने! बाबांनी आजवर ही गाडी चालवायला मागितली नव्हती, याचा अर्थही त्याला आता लागला. (हा अर्थ चुकीचा होता, पण लागला मात्र फार पटकन.)

बाबांचा पासष्टावा वाढदिवस पाच आठवड्यांवर होता. तेवढ्यात गाडीला क्लच बसवायचा. पाच गिअर. आणि किल्ली बाबांच्या हातात.

डोंबिवलीतल्या तीन मेकॅनिकांनी त्याला हात जोडले. चौथ्याने "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं आणि शहाडचा पत्ता दिला. शहाडच्या पुलाच्या पलीकडे मुरबाड रोडला पोपटचं गॅरेज होतं. पोपट पन्नाशीचा, बारीक, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता बॉनेटकडे बघून बोलायचा.

"ऑटोमॅटिकचा मॅन्युअल?" पोपट बॉनेटला म्हणाला. "सर, लोक जास्तीचे पैसे देऊन ऑटोमॅटिक घेतात. तुम्ही पैसे देऊन काढताय?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"गिअरबॉक्स बिघडलाय का?"

"नाही."

"मग तत्त्व बिघडलंय." त्याने गाडी सुरू केली, पुलापर्यंत एक फेरी मारून आणली. "एक नंबर गाडी आहे. गिअर लोण्यासारखे पडतायत. पेट्रोलचं म्हणाल तर अ‍ॅव्हरेज पण बरोबर असणार. किलोमीटर किती झाले बघितलेत का कधी?"

"मी आकड्यांच्या मागे लागत नाही, पोपटशेठ."

"बघा बाबा. आणि एक विचारू? ही गाडी माझ्या बघण्यातली वाटते. दुपारची इथून जाते येते ना? मागच्या काचेला हे असंच हिरवं कासव चिकटवलेली?"

"कासववाल्या गाड्या छप्पन असतील," प्रीतम म्हणाला. त्याला घाई होती. "तुम्ही कामाचं बोला."

कामाचं असं होतं की गिअरबॉक्स म्हणजे काही बल्ब नव्हता, एक काढला आणि दुसरा लावला. याच मॉडेलची अपघातात गेलेली मॅन्युअल गाडी शोधायची. तिचा गिअरबॉक्स, क्लच, पेडलं, गिअरचा दांडा, चाकांपर्यंत जाणारे रॉड, सगळं उचलून इकडे आणायचं. "म्हणजे अख्खी गाडीच आणायची," पोपट म्हणाला. "आणि एवढं करून तीच गाडी उरणार." शिवाय सरकारी परवानगी.

परवानगीवर प्रीतम ठाम होता. पोपटने "कोण बघतंय सर" म्हणताच त्याने नागरिकाच्या कर्तव्यावर दहा मिनिटं घेतली. तो परिवहन कार्यालयात तीनदा गेला. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना बोलावलं. त्यांनी वाचून आतल्यांना बोलावलं. कुणी नाही म्हणत नव्हतं. सगळ्यांना फक्त अर्जदार बघायचा होता.

"कारण या रकान्यात काय लिहू?" बाईंनी विचारलं.

"वडिलांचा आत्मसन्मान."

बाईंनी 'वैयक्तिक' असं लिहिलं.

त्या रात्री प्रीतमने फेसबुकवर एक पोस्ट टाकली. 'चौतीस वर्षं ज्या पायाने घाट पेलला, तो पाय आज रिकाम्या जागेत क्लच शोधतो आहे' अशी सुरुवात होती. लोक हेलावले. नागपूरच्या एका अनोळखी बाईंनी 'डोळे पाणावले' असं तीनदा लिहिलं. घरात ती पोस्ट कुणाच्या दृष्टीस पडायची भीती नव्हती. आईबाबा फेसबुकवर नव्हते आणि विनिताने त्याला केव्हाच म्यूट करून ठेवलं होतं. (हे त्याला अजून माहीत नाही.)

इकडे घरात मात्र काहीतरी बिनसत चाललं होतं. 'सर्व्हिसिंग'चे चार दिवस झाले, आठ झाले, पंधरा झाले.

"गाडी कधी येतेय रे?" बाबांनी विचारलं. बाबांनी! आपणहून!

"येईल बाबा, येईल. पार्ट मिळत नाहीये."

दोन दिवसांनी पुन्हा, "झालं का गाडीचं?"

प्रीतमला भरून आलं. त्यांना कुठून तरी चाहूल लागली असणार. माणसाच्या हाताला कळतं. तो पोपटला रोज फोन करू लागला. घरात बाबा सकाळचा पेपर दुपारी पुन्हा वाचू लागले. आई त्यांना मेथी निवडायला बसवायची आणि मग म्हणायची, "अहो, काड्या भाजीत आणि पाला केरात टाकताय तुम्ही." दुपारी दोघं समोरासमोर बसून एकमेकांवर खेकसायची. विनिता एकदा म्हणालीसुद्धा, "प्रीतम, गाडी जरा लवकर आण. आईबाबांना बरं नाही वाटत गाडीशिवाय."

"अगं, गाडी चैनीसाठी नाही..." त्याने सुरुवात केली.

"हो हो, आजारपण आणि जड सामान. माहितीये," विनिता म्हणाली आणि पुढचं जे बोलायचं होतं ते तिने गिळलं. आईंना शब्द दिला होता ना.

पाचव्या आठवड्यात पोपटचा फोन आला. "सर, गिअरबॉक्स बसला. पण गाडी सुरू होत नाही."

"का?"

"तिला वाटतंय ती ऑटोमॅटिकच आहे. ऑटोमॅटिक गाडी पार्किंगच्या खाचेत दांडा असल्याशिवाय सुरूच होत नाही. आता तो जुना दांडाच राहिला नाही, तर ती बिचारी दांडा शोधत बसलीय."

"मग?"

"समजूत घातली तिची. दोन वायरी जोडल्या. आता तिला कायम वाटत राहील की ती पार्किंगमध्ये उभी आहे. तुम्ही ऐंशीने पळवा, समोर पार्किंगचा दिवा जळतच राहणार."

प्रीतम गाडी आणायला गेला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या सगळ्या योजनेत एक माणूस असा आहे की ज्याला क्लच वापरता येत नाही, आणि तोच माणूस गाडी शहाडहून डोंबिवलीला नेणार आहे. पहिल्यांदा गाडी गॅरेजच्या दारात बंद पडली. मग शहाडच्या पुलावर दोनदा. पत्री पुलाच्या चढावर तर ती पुढे जायचं सोडून मागे यायला लागली. मागचा रिक्षावाला अर्धा बाहेर लोंबकळून ओरडला, "ओ शेठ, गाडी कुणाची मागून आणलीय काय? परत देऊन या!" त्याच्या मागे पन्नास हॉर्न. समोर पार्किंगचा दिवा शांतपणे जळत होता. प्रीतम घामाने निथळत होता, पण मनातून खूश होता. एवढं अवघड काम बाबा चौतीस वर्षं करत होते! आपण त्यांना काय परत देतोय याचा त्याला आता कुठे अंदाज आला.

वाढदिवसाच्या सकाळी त्याने गिअरच्या दांड्याला लाल फीत बांधली आणि सगळ्यांना खाली नेलं. आईच्या हातात औक्षणाचं ताट होतं. वॉचमन उगाचच जवळ येऊन उभा राहिला. प्रीतमने कव्हर ओढलं, दार उघडलं.

"बाबा, बसा."

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत प्रथमच. ते सराईतपणे ड्रायव्हरच्या सीटवर बसले, आरसा नीट केला, हात दांड्याकडे नेला आणि हात तिथेच थांबला. त्यांनी फितीकडे बघितलं. मग खाली बघितलं. खाली तीन पेडलं होती.

"हे काय?" बाबा म्हणाले.

"क्लच!" प्रीतमला आता राहवेना. "बाबा, तुमची गाडी. पाच गिअर. माणसाने चालवायची गाडी. मी बघत होतो बाबा, तुम्ही काही बोलत नव्हतात, पण मी बघत होतो."

बाबांनी फीत सोडून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरंच काम करून घेतलंस की."

त्यांनी क्लच दाबला. पहिला गिअर टाकला. गाडी हलली कधी ते कळलंच नाही. बिल्डिंगला एक फेरी, पहिला, दुसरा, वळणावर परत पहिला, कुठे दचका नाही, आवाज नाही. कालपासून त्याच गाडीशी कुस्ती खेळलेला प्रीतम तोंड उघडं टाकून बघत राहिला. गाडी बरोबर जागेवर येऊन थांबली. बाबांनी किल्ली काढली, दार उघडलं, उजवा पाय बाहेर टाकला आणि दाराला धरून तसेच बसून राहिले.

"छान झालीय," ते म्हणाले. "हलकी आहे."

"अहो, उतरा की मग," आई म्हणाली.

"उतरतो."

"उतरा ना."

"उतरतो म्हटलं ना मालन. जरा दम खातो."

आईने औक्षणाचं ताट वॉचमनच्या हातात दिलं. तिचा आवाज बदलला. "प्रीतम, तुझ्या बाबांचा डावा गुडघा गेलाय. वर्ष झालं. क्लच दाबून दाबून गेलाय तो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाकी काही करा, क्लचवर पाय ठेवायचा नाही."

"पण... बाबा शेजारी बसून पायाने क्लच दाबायचे! मी डोळ्यांनी बघितलंय!"

"तो व्यायाम आहे," बाबा सीटवरूनच म्हणाले. "तळवा जमिनीवर दाबायचा, दहा मोजायचे, सोडायचं. दिवसातून तीन वेळा."

प्रीतमला नागपूरच्या बाई आठवल्या.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की. दिवाळीच्या आसपास," बाबा म्हणाले. "'गुडघा दुखतो रे' म्हटलं, तर तू शहरातल्या फुटपाथांवर बोलायला लागलास. चांगलं बोललास. मग मीच म्हटलं, राहू दे."

हे ऐकून प्रीतम गप्प झाला, आणि तो गप्प झालेला बघून आईला उरलेलंही बोलून टाकायचा धीर आला. तुम्ही दोघं कामाला गेलात की मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी आम्ही गाडी काढायचो, असं तिने सरळ सांगितलं. शहाडवरून पुढे रायत्याच्या पुलापर्यंत. तिथे चहा प्यायचो, तासभर बसायचो, तू यायच्या आत परत. कव्हर तुझे बाबा होतं तस्संच घालायचे, सुरकुतीसुद्धा जागेवर.

"म्हणजे पेट्रोल..."

"मी भरायचो," बाबा घाईने म्हणाले. "पण पुरतं नाही भरायचो. टाकी भरलेली दिसली असती तर तू चौकशी केली असतीस."

"विनिता, तुला हे माहीत होतं?"

"सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं," विनिता म्हणाली. वॉचमनने ताटातलं निरांजन सांभाळत मान हलवली. गेट तोच उघडायचा.

"पण बाबा," प्रीतम चाकाशेजारी उकिडवा बसला, "तुमचं कसब होतं ते. तुमचा अभिमान. ही गाडी तर सगळं स्वतःच करायची, माणसाला काही कामच ठेवायची नाही."

बाबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. ते एवढं सलग बोलताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. "अरे, रायत्याच्या पुलावरून मी चौतीस वर्षं गाडी नेली. रोज वाटायचं, इथे थांबावं. खाली नदी काय दिसते! पण तो स्टॉप नव्हता. घरी येऊन हिला सांगायचो, तिथे असं पाणी आहे, तसा वारा आहे. हिने कधी बघितलंच नव्हतं. गाडीत मी होतो, पण मी गाडी बघायचो, गिअर बघायचो, टायमिंग बघायचो. तुझ्या गाडीत बसलो आणि पहिल्यांदा एक पाय मोकळा, एक हात मोकळा. बाहेर बघता यायचं. शेजारी ही. अभिमान कसला घेऊन बसलास? ड्युटी होती ती. केली. झाली."

आई दुसरीकडे बघू लागली. आपण वर्गात दर वर्षी श्रमाच्या प्रतिष्ठेवर जो तास घेतो, तो घेताना आपण आजवर एकदाही कुणाला 'दमलात का' असं विचारलेलं नाही, हे प्रीतमला त्या कंपाउंडमध्ये, चाकाशेजारी बसल्या बसल्या कळलं. कळलं आणि लगेच काहीतरी करावंसं वाटलं. (माणूस बदलतो, पण इतक्या पटकन नाही.) त्याने तिथूनच फोन लावला.

"पोपटशेठ, जुना गिअरबॉक्स परत बसवायचाय."

पलीकडे हातोडीचा आवाज थांबला.

"सर, तो तर गेला. चांगला माल होता. आठ दिवसांत गेला." मग त्याला काहीतरी सुचलं असावं. "ती दुपारची कासववाली गाडी... तुमचीच होती ना?"

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"बघतो दुसरा. सहा महिने धरून चाला. आणि परवानगी?"

पुन्हा त्या बाईंसमोर जाऊन कारणाच्या रकान्यात काय सांगायचं, या विचाराने प्रीतमने फोन ठेवला.

सहा महिने. बाबांचा पाय क्लचवर ठेवायचा नव्हता. विनिताला गाडी येत नव्हती. रिक्षा रायत्याला सोडायला तयार झाली तरी तासभर थांबायला तयार नव्हती, आणि आईचं म्हणणं, मीटर चालू असताना नदी बघवत नाही. उरला तो एकच माणूस. प्रीतमने कॉलेजात हातापाया पडून मंगळवार-गुरुवारचे दुपारचे तास सकाळी घेतले, आणि आठ दिवस पहाटे एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर बाबांना शेजारी बसवून क्लच शिकला. बाबा शिकवताना एकच शब्द वापरायचे, "हळू." तो शब्द प्रीतमला आयुष्यात अनेकांनी सांगितला होता. यावेळी न ऐकल्यास गाडी बंद पडत होती, म्हणून त्याने तो पहिल्यांदा ऐकला.

पहिल्या मंगळवारी आई जरीच्या काठाची साडी नेसून खाली आली. बाबा इस्त्रीच्या शर्टात. दोघंही मागच्या सीटवर बसली.

"बाबा, पुढे या ना."

"पुढे बसलं की पाय ब्रेक शोधतो," बाबा म्हणाले. "तू चालव."

गाडी पत्री पुलावर एकदाच बंद पडली. शहाडला पोपटने गॅरेजच्या दारातून हात केला. कांब्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला, आणि मागून आईचा आवाज येऊ लागला. ती काहीतरी सांगत होती, बाबा हुंकार देत नव्हते, चक्क उत्तरं देत होते. कुणाच्या तरी नथीवरून दोघं हसली. प्रीतमने आरशात बघितलं. या घरात तो एकोणतीस वर्षं राहत होता आणि या दोघांना एकमेकांशी एवढं बोलायचं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. त्याला विचारावंसं वाटलं, कुणाची नथ? पण वळण आलं, गिअर खाली घ्यायचा होता, आणि प्रश्न राहून गेला तेच बरं झालं.

पुलाच्या अलीकडे आवडाबाईंची चहाची टपरी होती. तिच्यामागे उतारावर एक बाक, आणि खाली उल्हास नदी. आईबाबा ओळखीच्या वाटेने जाऊन बाकावर बसली. प्रीतमही उतरून निघाला. नदीतल्या जलपर्णीबद्दल त्याला दोन शब्द सांगायचे होते.

"तू गाडीपाशीच थांब," बाबा मान न वळवता म्हणाले. "उतारावर लावलीयस."

तो थांबला. बॉनेटला टेकून उभा राहिला. पाण्यावरून वारा येत होता. बाकावर बाबांनी डावा पाय लांब सोडला होता, आणि आई त्या पायाकडे न बघता, बोलता बोलता, त्यावर हात ठेवून होती. कव्हराखाली उभी असलेली ही गाडी आठवड्यातून दोनदा कसली गरज भागवून यायची, ते प्रीतम बघत राहिला. त्याच्या नियमांत ती बसत नव्हती, आणि नियम तर त्याने किती विचार करून केले होते.

आवडाबाईंनी बाकावर दोन ग्लास नेऊन दिले. परत येताना त्यांनी प्रीतमला वरून खालपर्यंत न्याहाळलं. घामाने भिजलेला शर्ट, हातात किल्ली, गाडीला टेकून उभा.

"काका!" त्यांनी तिथूनच हाक दिली. "बरेच दिवस दिसलात नाय. डायवर ठेवलात वाटतं?"

बाबांनी मागे वळून प्रीतमकडे बघितलं. जरा वेळ बघितलं.

"हो," ते म्हणाले. "पाय दुखतो ना."

"त्याला पण चहा देऊ का?"

"दे," बाबा म्हणाले. "पण कटिंग दे. अजून ट्रायलवर आहे."